सेकंडहँड पजेरो फॅमिलीसाठी घ्यावी का? आधी गाडीखाली शिरा, मग आत बसा

आधी एक गोंधळ मिटवून टाकतो कारण अर्ध्या लोकांची गाडी इथेच चुकते. मी लिहितोय ती मित्सुबिशीची मोठी पजेरो, चौथी पिढी, २००६ ला आली आणि २०२१ ला प्रॉडक्शन बंद झालं ती. पजेरो स्पोर्ट ही वेगळी गाडी. नाव जवळपास तेच, तोंडावरचा लोगो तोच, पण स्पोर्ट पिकअपच्या लॅडर फ्रेमवर, म्हणजे शिडीसारख्या वेगळ्या चेसिसवर, बांधलेली आहे आणि मोठी पजेरो तशी नाहीये, तरी एकीचे गुणदोष दुसरीला लावून लोक तासनतास भांडत बसतात. मोठीलाच काही देशांत मॉन्टेरो म्हणतात, काही ठिकाणी शोगन, त्यामुळे पार्ट शोधताना तिन्ही नावं टाकून बघा, बरंच जास्त सापडतं.

आता मुद्दा. घरात चार-पाच माणसं, सामान भरपूर, वर्षातला बहुतेक वेळ हायवे आणि शहर, आणि मधूनमधून डांबर संपतं त्याच्या पुढे जायची खाज, अशा माणसाने ही जुनी गाडी घ्यावी का? माझं उत्तर हो आहे, पण सरसकट नाही. जुन्या फोर बाय फोरमध्ये मॉडेल कुठलं यापेक्षा ती कुणाच्या हातात होती आणि कुठल्या जमिनीवर फिरली हे जास्त महत्त्वाचं, आणि ते मीटरवर कधीच दिसत नाही, खालून दिसतं. पन्नास हजार किलोमीटर वाळूत आणि खाऱ्या पाण्यात घासलेली गाडी दोन लाख किलोमीटर हायवेवर चाललेल्या गाडीपेक्षा कितीतरी म्हातारी असते.

आणि त्याच्याही आधी, खरंच लो रेंज, म्हणजे गाडी एकदम सावकाश पण जास्त ताकदीने चालवणारे खालचे गिअर, लागणार आहे का हे प्रामाणिकपणे ठरवा. कच्चा रस्ता, थोडे खड्डे, पावसाळ्यात थोडा चिखल एवढंच असेल तर बऱ्यापैकी ग्राउंड क्लिअरन्सची साधी टू व्हील ड्राइव्ह गाडी आणि चांगले टायर पुरतात, उगाच सव्वादोन-अडीच टनांचं धूड, जास्तीचे गिअर, जास्तीचं ऑइल आणि जास्तीचा मेंटेनन्स कशाला पोसायचा. लो रेंज लागते ती मोकळ्या दगडांच्या चढावर, ओल्या चिकणमातीत, आणि सगळ्यात जास्त उतारावर, जिथे मागे पोरं बसलेली असतात आणि तुम्हाला ब्रेकवर पाय न ठेवता गाडी इंजिनच्या जोरावर हळूहळू खाली न्यायची असते. लोकांना वाटतं फोर बाय फोर म्हणजे चढणं. चढता आलं नाही तर मागे येता येतं हो, उतरताना सुटली की संपलं.

पजेरोचं फॅमिलीसाठी सगळ्यात मोठं भांडवल म्हणजे तिची सुपर सिलेक्ट सिस्टीम, आणि गंमत अशी की विकणारे याबद्दल एक शब्द बोलत नाहीत, सनरूफ दाखवत बसतात. साध्या पार्ट टाइम फोर बाय फोरमध्ये पुढची आणि मागची चाकं फोर व्हीलमध्ये टाकली की एकमेकांना घट्ट बांधली जातात, त्यामुळे कोरड्या डांबरावर वळताना गाडी अडखळते, ट्रान्सफर केसवर, म्हणजे ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या गिअरच्या डब्यावर, ताण येतो, म्हणून ते फक्त चिखलात आणि वाळूतच वापरायचं. पजेरोत मध्ये सेंटर डिफरन्शियल आहे, तो पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतो. चार पोझिशन आहेत, टूएच म्हणजे फक्त मागची चाकं, फोरएच म्हणजे चारही चाकं पण सेंटर मोकळा, फोरएचएलसी म्हणजे सेंटर लॉक, आणि फोरएलएलसी म्हणजे सेंटर लॉक अधिक लो रेंज. फोरएचमध्ये ताकद साधारण एक तृतीयांश पुढे आणि दोन तृतीयांश मागे जाते आणि ही पोझिशन डांबरावर, हायवेवर, वळणांवर, कुठेही बिनधास्त वापरता येते. धो धो पाऊस, घाटातलं वळण, रस्त्यावर सांडलेली माती, चालत्या गाडीत १०० च्या आतल्या स्पीडला लिव्हर ढकलायचा आणि विषय संपला. वर्षाचे दिवस मोजले तर माझ्या मते फॅमिलीला याचाच उपयोग सगळ्यात जास्त होतो, लो रेंजचा नंबर त्याच्या बराच नंतर लागतो. लो रेंजसाठी मात्र गाडी उभी करून न्यूट्रलला घ्यावी लागते, तिथे घाई करायची नाही.

दुसरी गोष्ट बॉडी. १९९९ ला तिसरी पिढी आली तेव्हापासून पजेरोला वेगळी चेसिस नाहीये, लॅडर फ्रेम बॉडीतच वेल्ड केलेली आहे, आणि चारही चाकांना इंडिपेंडंट सस्पेन्शन, म्हणजे प्रत्येक चाक आपापलं वर-खाली होतं. चौथी पिढीसुद्धा त्याच सांगाड्यावर. जुने ऑफ-रोडवाले तेव्हापासून नाकं मुरडतायत, आणि अगदीच चुकीचंही बोलत नाहीत कारण खोल आडव्या चरांमध्ये गाडीचं एक चाक लवकर हवेत जातं, आख्खा अ‍ॅक्सल असलेल्या गाडीसारखं खाली लोंबत नाही. मग ट्रॅक्शन कंट्रोल खटखट खटखट करत त्या चाकाला ब्रेक मारतो आणि ताकद दुसरीकडे जाते, काम होतं, फक्त पहिल्यांदा तो आवाज ऐकून काहीतरी तुटलं असं वाटतं. काही व्हेरिएंटना मागचा डिफ लॉक, म्हणजे मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा लॉक, कंपनीतूनच आलेला आहे. समोरच्या गाडीला असेल तर थोडे पैसे जास्त गेले तरी तीच घ्या, नंतर बसवत बसायचं म्हणजे डोक्याला ताप.

पण याच सस्पेन्शनमुळे ती डांबरावर माणसांची गाडी वाटते. पिकअपवर बांधलेल्या एसयूव्हीत मागच्या सीटवर बसून खराब रस्त्याने जे डोकं हलतं ते इथे बरंच कमी आहे आणि लांबच्या प्रवासानंतर मागचे लोक शिव्या न देता उतरतात. अगदी गुळगुळीत वगैरे समजू नका, वळणात बॉडी झुकते, स्टिअरिंग हळू आहे, ब्रेक पॅडलला सवय लागते.

आकडेवारी हवी असेल तर थोडक्यात. पाण्यातून जायची मर्यादा ७०० मिलिमीटर, पुढचा अप्रोच अँगल ३६ अंशांच्या वर म्हणजे तोंड सहसा घासत नाही, मागचा मात्र २५ च्या आसपास, त्यामुळे खड्ड्यातून बाहेर पडताना मागचा बंपर टेकतो. टाकी ८८ लिटरची. लो रेंजचं गुणोत्तर १.९ आहे आणि हा या गाडीचा खरा तोकडेपणा, कारण टोयोटाच्या प्राडो १५० मध्ये तेच अडीचच्या वर आहे, आणि आकडा जितका मोठा तितकी गाडी सावकाश रांगते. म्हणजे मॅन्युअल पजेरोत फार सावकाश रांगायचं म्हटलं तर क्लच वापरावा लागतो. ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर सांभाळून घेतो, म्हणून ऑफ-रोडसाठी मॅन्युअलच पाहिजे हा हट्ट इथे सोडा, या गाडीत ऑटोमॅटिक जास्त शहाणपणाची. उतारावर तेवढं मॅन्युअलचा पहिला गिअर जास्त धरतो, हे मान्य.

डाकार रॅलीचं, म्हणजे त्या वाळवंटातल्या लांबलचक शर्यतीचं, कौतुक विकणारा हमखास ऐकवणार. खरं आहे ते, पजेरोने डाकार १२ वेळा जिंकली, पहिली १९८५ ला आणि २००१ ते २००७ सलग, आणि २००१ ला युटा क्लाइनश्मिट ही डाकार जिंकणारी पहिली बाई ठरली तीसुद्धा पजेरोतच. पण त्या शेवटच्या कित्येक वर्षांच्या रॅली गाड्यांचा आणि शोरूमच्या गाडीचा संबंध नावापुरता होता. ऐकून घ्या, मान डोलवा आणि सर्व्हिसची फाइल मागा.

आत बसल्यावर पहिल्यांदा कळतं ते गाडीचं वय. डॅशबोर्ड उभा, बटणं मोठी, स्टिअरिंग वर-खाली होतं पण पुढे-मागे होत नाही, उंच माणसाला पाय आणि हात यांचा हिशोब जुळवावा लागतो. पण काचा मोठ्या, सीट उंच, बॉनेटची दोन्ही टोकं दिसतात. पार्किंगमध्ये आणि अरुंद वाटेवर याची किंमत कळते, आजकालच्या गाड्यांत कॅमेरा नसेल तर माणूस आंधळा असतो.

मधली रांग मस्त. तीन माणसं नीट बसतात, फ्लोअर फार वर नाही, पाठ मागे झुकते. लहान मुलांच्या सीटसाठी आयसोफिक्सचे हुक मधल्या रांगेत आहेत का ते बोट घालून बघा, मागच्या मालकाने कव्हर शिवून त्यात ते गाडून टाकलेले असतात. तिसरी रांग म्हणजे सात सीटर या शब्दाचा शुद्ध फसवा वापर. ती फ्लोअरमधल्या खड्ड्यातून उलगडून वर येते, गादी पातळ, गुडघे छातीला, आणि ती उघडी असताना मागे सामानाला जागा जवळपास उरतच नाही. दहा-बारा वर्षांपर्यंतची पोरं तासभर बसतील, मोठ्या माणसाला बसवायचं असेल तर आधी त्याच्याशी काही जुनं वैर आहे का ते बघा. आणि कडेच्या कर्टन एअरबॅग तिसऱ्या रांगेपर्यंत पोचतात का हे त्या त्या व्हेरिएंटच्या मॅन्युअलमध्ये बघितल्याशिवाय तिथे रोज पोरांना बसवू नका. सात माणसं नेहमीची असतील तर ही गाडी तुमची नाही, इथेच वाचन थांबवा. पाच असतील तर तिसरी रांग काढून ठेवा, खालच्या खड्ड्यात टूल, दोर, कंप्रेसर, बूट असं सगळं जातं आणि वर सपाट जागा मिळते, त्यासारखं सुख नाही.

मागचा दरवाजा वर न उघडता बाजूला उघडतो, त्यावर स्टेपनी टांगलेली. मागे गाडी लागलेली असेल तर दरवाजा पूर्ण उघडत नाही, काच वेगळी उघडत नाही, पावसात वरून छप्परही मिळत नाही. शिवाय ते पूर्ण चाकाचं वजन वर्षानुवर्षं बिजागऱ्यांवर लोंबतंय. दरवाजा अर्धा उघडा आणि बाहेरच्या टोकाला धरून हलकेच वर उचलून बघा, खडखडला तर बिजागरी झिजलीये. कुणी मोठ्या साइजची जड स्टेपनी लावली असेल तर हे नक्की सापडणार.

आता इंजिन. बहुतेक ठिकाणी मिळेल ती ३.२ लिटर चार सिलिंडरची डिझेल, ४एम४१. चौथ्या पिढीत ती कॉमन रेल झाली, सुरुवातीला १६०-१७० हॉर्सपॉवर, नंतरच्या गाड्यांत २०० च्या आसपास आणि ४४१ न्यूटन मीटर टॉर्क. आवाज ट्रॅक्टरचा भाऊ शोभेल असा. चार सिलिंडरमध्ये एवढी क्षमता म्हटल्यावर हे होणारच, पण खालून ओढते मात्र छान, लो रेंजमध्ये अ‍ॅक्सिलरेटरला हात, म्हणजे पाय, लावावाच लागत नाही. लिटरला नऊ-दहाच्या पुढे फारशी अपेक्षा ठेवू नका.

या इंजिनची दुखणी माहितीतली आहेत आणि हीच त्याची चांगली बाजू. एक, ईजीआरचा (जळालेला धूर परत इंजिनात सोडणारी सिस्टीम) धूर आणि ऑइलची वाफ एकत्र होऊन इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांत, काळा चिकट थर बसतो. हे त्या काळातल्या जवळपास सगळ्याच डिझेलना होतं, पण शहरात हळू चाललेल्या गाडीत जास्त. गाडी ओढत नाही, काळा धूर, अ‍ॅव्हरेज घसरलेलं, आणि विकणारा म्हणतो की टर्बोला थोडं काम आहे. टर्बो बिचारा ठीक असतो, हवा जायची वाट बंद झालेली असते. दोन, टायमिंग चेन. बेल्ट नाही चेन आहे म्हणून आयुष्यभर बघायला नको असं लोक धरून चालतात, पण ऑइल उशिरा बदललेल्या गाडीत चेन सैल होते आणि थंड इंजिन चालू केल्यावर समोरून खरखर ऐकू येते. तीन, डिझेलच्या पंपावरचा सक्शन कंट्रोल व्हॉल्व्ह, तो गचाळ डिझेलने खराब झाला की आयडलिंगला आरपीएम वर-खाली नाचतो किंवा गाडी सिग्नलला आपोआप बंद पडते. पार्ट छोटा आहे, घाबरू नका, पण किंमत पाडायला उत्तम मुद्दा. चार, या इंजिनचे व्हॉल्व्ह क्लिअरन्स ठराविक रनिंगनंतर तपासून सेट करावे लागतात, आणि हे अनेक वर्कशॉपवाले करतच नाहीत. फाइलमध्ये हे काम केल्याचं बिल दिसलं तर समजा मागचा मालक गाडीवाला माणूस होता, बाकीचे कागद वरवर बघितले तरी चालेल. नंतरच्या मॉडेलांना काही ठिकाणी डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, आहे, तो असेल आणि तुमचं फिरणं छोट्या छोट्या अंतराचं असेल तर तो चोंदणार.

३.० आणि ३.८ लिटरचे व्ही सिक्स पेट्रोलही आहेत. शांत, साधे, टिकाऊ, आणि पेट्रोल प्यायला लागले की थांबत नाहीत. वर्षाला कमी रनिंग असेल तर डिझेलच्या कटकटीपेक्षा पेट्रोल परवडू शकतं, हिशोब करा.

बघायला जाताना विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की मी आल्याशिवाय गाडी चालू करू नका. पोचलात की पहिलं बॉनेटला हात लावा. गरम असेल तर हसून परत या किंवा थंड व्हायची वाट बघा, कारण चेनची खरखर, इंजेक्टरची टकटक आणि सुरुवातीचा धूर हे सगळं थंड इंजिनच खरं बोलतं.

आम्ही दोन गाड्या एकामागोमाग बघितल्या, सोबत एक ओळखीचा मेकॅनिक. पहिली दिसायला जबरदस्त. सस्पेन्शन उंच करून लिफ्ट केलेली, मोठे मड टायर, स्नॉर्कल (इंजिनची हवा वरून घेणारा पाइप), वर लाइटची पट्टी, चकाचक पॉलिश. लिफ्टवर चढवली तर खालचा सगळा भाग काळ्याभोर ताज्या रंगात. नुसता पत्रा नाही, नट, बोल्ट, रबरी बुश, ब्रेकच्या पाइपसुद्धा. मेकॅनिकने मागच्या सबफ्रेमच्या माउंटजवळ स्क्रूड्रायव्हरचं मागचं टोक ठोकलं तर टण असा आवाज यायच्या ऐवजी बद्द असा आला आणि रंगासकट नखाएवढ्या पापुद्र्या हातात पडल्या. वेगळी चेसिस नसलेल्या गाडीत हा गंज म्हणजे नुसता दिसण्याचा प्रश्न नसतो, सांगाडाच तो आहे. मग त्याने मागच्या डिफरन्शियलचा फिलर प्लग उघडून बोट घातलं, ऑइल दुधाळ. म्हणजे पाण्यात उतरवलेली, गरम डिफ थंड पाण्यात गेला की आत ओढून घेतो, ब्रीदर पाइप (डिफमध्ये हवा ये-जा करायची नळी) चोंदलेला असेल तर सीलमधून पाणी शिरतं, आणि नंतर कुणी ऑइल बदललं नाही. लिफ्ट केल्यामुळे पुढचे शाफ्ट तिरके झालेले, एका सीव्ही बूटला (शाफ्टच्या सांध्यावरचं रबरी कव्हर) चीर, ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला उडालेलं. वर स्नॉर्कल हजारोंचा आणि खाली साधं डिफचं ऑइल बदलायला वेळ नाही.

दुसरी बघून बायको म्हणाली ही नको. रंग उडालेला, दरवाजांना पार्किंगमधले पोचे, सीटवर पोरांनी काहीतरी सांडल्याचे डाग. पण सगळं कंपनी साइजचं, टायर चारही एकाच कंपनीचे आणि एकाच वयाचे. टायरवर आठवडा आणि वर्षाचा चार आकडी कोड असतो तो बघा, फक्त खोली बघू नका, आणि चारही सारखे का हवेत तर फोर व्हीलमध्ये वेगवेगळ्या घेराचे टायर असले की सेंटर डिफरन्शियल सतत काम करत राहतो आणि झिजतो. खालच्या स्किड प्लेटवर ओरखडे होते, ते असायलाच पाहिजेत, तिचं कामच ते आहे. सिल, डिझेलची टाकी आणि सायलेन्सर मात्र साफ, म्हणजे चालवणाऱ्याला वाट निवडता येत होती. खाली वरवरचा तपकिरी गंज होता, ठोकलं की आवाज खणखणीत. मागच्या एसीकडे जाणारे हीटरचे कूलंट पाइप खालून जातात ते नेमके बघायचे, ते आतून सडले आणि हायवेवर फुटले तर कूलंट संपेपर्यंत कळत नाही आणि हेड जातं. तेही ठीक होते. घेतली तीच. बायकोचं मत सीट कव्हर बदलल्यावर बदललं.

अजून एक, सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, सगळ्या सीटचे. वर स्वच्छ आणि शेवटच्या फूटभर भागात मातीची आडवी रेघ दिसली तर गाडी पुरात उभी होती, कितीही धुतली तरी तिथलं कुणी धूत नाही. तसंच स्टेपनी टूलच्या कप्प्यात, हेडलाइटच्या मागे, कार्पेटखालच्या फोममध्ये वाळू किंवा गाळ. आणि मीटर मागे घेतलाय का याची शंका असेल तर ब्रेक पॅडलचं रबर आणि ड्रायव्हर सीटची दरवाजाकडची कड बघा, साठ हजार रनिंगला ती चपटी होत नाही.

टेस्ट ड्राइव्ह हायवेवर एक चक्कर मारून आटपू नका, फोर बाय फोरची टेस्ट वेगळी करावी लागते आणि ती बहुतेक लोक करतच नाहीत. मातीचं मैदान किंवा खडीचा रस्ता शोधा. डॅशबोर्डवर गाडीचं छोटं चित्र आहे, चार चाकांचे दिवे आणि मध्ये एक. लिव्हर टूएचवरून फोरएचवर घेतला की पुढच्या चाकांचे दिवे क्षणभर लुकलुकून स्थिर व्हायला हवेत. लुकलुकतच राहिले तर पुढचा अ‍ॅक्सल जोडला जात नाहीये, बऱ्याचदा कारण साधं असतं, व्हॅक्यूमची नळी तडकलेली किंवा सोलेनॉइड गेलेला, पण ते दुरुस्त करून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. मग फोरएचएलसी, मातीवर हळू पूर्ण वळण, गाडी थोडी अडखळली पाहिजे, नाही अडखळली तर लॉक होतच नाहीये. मग उभं करून लो रेंज, पहिला गिअर, थोडा चढ, थोडा उतार, पाय पॅडलवरून काढून. कर्कश आवाज नको, गिअर निसटायला नको. कित्येक गाड्यांमध्ये हा लिव्हर वर्षानुवर्षं कुणी हलवलेलाच नसतो आणि न वापरलेला फोर बाय फोर हा जास्त वापरलेल्यापेक्षा वाईट, सगळं आतल्या आत जाम झालेलं असतं. ऑटोमॅटिक असेल तर गरम झाल्यावर डी मधून आर मध्ये टाकून बघा, धक्का किंवा विलंब दोन्ही नको.

बाकी पर्यायांचं थोडक्यात. प्राडो १२० किंवा १५० ही सरळ प्रतिस्पर्धी, वेगळी चेसिस, फुल टाइम फोर व्हील, लो रेंज खोल, रीसेल भक्कम. पण त्या नावाचा प्रीमियम इतका की त्याच पैशात पजेरो चार-पाच वर्षं नवी मिळते, आणि तिच्या ३ लिटर डिझेललाही दुखणं आहेच, इंजेक्टरचे कॉपर सील गळून कार्बन ऑइलमध्ये जातो आणि ऑइल पिकअपची जाळी चोंदते. म्हणजे टोयोटा आहे म्हणून डोळे मिटून घ्यायची नाही. लँड रोव्हर डिस्कव्हरी ३ आणि ४ आतून या सगळ्यांच्या वरची, तिसऱ्या रांगेत चक्क मोठी माणसं बसतात, पण एअर सस्पेन्शन, टायमिंग बेल्ट, क्रँकशाफ्ट तुटल्याच्या केसेस, आणि कामं अशी की काही वेळा बॉडीच उचलावी लागते. ज्याच्याकडे दुसरी गाडी आणि ओळखीचा तज्ज्ञ मेकॅनिक आहे त्याने घ्यावी. फॉर्च्युनर किंवा पजेरो स्पोर्टसारख्या पिकअपवरच्या गाड्या मजबूत, पार्ट कुठेही, पण मागच्या सीटचा त्रास मी वर लिहिलाय, चालवणाऱ्याला तो कळत नाही, घरच्यांना कळतो.

गाडी बंद झालीये मग पार्टचं काय, हे सगळे विचारतात. जगभर तीस लाखांवर पजेरो बनल्या, इंजिन, सस्पेन्शन, ब्रेक, क्लच यांचे पार्ट कंपनीचे नाहीतर बाहेरच्या मेकचे मिळत राहतात. रडवतील ते आतले प्लास्टिक, दिव्यांचे असेंब्ली, ट्रिमच्या पट्ट्या, मागच्या स्टेपनीचं कव्हर, सीटची बटणं असले. म्हणून घेताना आतलं काही तुटलेलं असेल तर ते नंतर बघू म्हणू नका, तो पार्ट मिळतो का आणि केवढ्याला हे फोन करून आधी विचारा.

माझी निवड विचाराल तर २०१० नंतरची, लांब व्हीलबेसची डिझेल ऑटोमॅटिक, मागचा डिफ लॉक असलेली, अजिबात मॉडिफाय न केलेली, एक किंवा दोन मालकांची, रनिंग दीड-दोन लाख असलं तरी बिलं सलग असलेली. तीन दरवाजांची छोटी पजेरो खेळायला भारी आहे, फॅमिलीला नाही. किमतीच्या दहा-पंधरा टक्के रक्कम बाजूला ठेवून द्या आणि घेतल्या घेतल्या इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, पुढचा आणि मागचा डिफ, सगळी ऑइलं, कूलंट, ब्रेक फ्लुइड बदला, मागच्या मालकाने कालच बदललं असं शपथेवर सांगितलं तरी. मॅनिफोल्ड उघडून साफ करून घ्या, ब्रीदर पाइप फुंकून बघा. आणि महिन्यातून एकदा तरी मातीवर नेऊन लिव्हर चारही पोझिशनमधून फिरवा.